सड्यावरच्या पतंगांची नववी फेरतपासणी

कीटक-अभ्यासक मृण्मयी टेमकरांनी सकाळी संगणकाचा पडदा सुरू केला आणि कपाळावर हात मारला. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, नखाएवढ्या पतंगांची स्वतंत्र प्रजाती वर्गीकरण-यंत्राने रातोरात शेजारच्या प्रजातीत विलीन करून टाकली होती. वर्षातली ही नववी खेप. कायद्याने यंत्राच्या नोंदीत स्वतंत्र प्रजाती असेल तरच सडा खाणीपासून वाचणार होता.

“अरे, परवाच तर वेगळी मानलीस!” बाई खेकसल्या.

“नवे नमुने आले. जनुकांतला फरक अपुरा आहे,” यंत्र शांतपणे म्हणालं.

इतक्यात वनरक्षक भिकू झोरे धापा टाकत आला. “बाई, खाणवाले फाटकाशी उभे आहेत!”

बाई तशाच सड्यावरच्या डबक्याकडे धावल्या आणि त्या पतंगाचा एक सुरवंट काचेच्या भांड्यात घालून कॅमेऱ्यासमोर धरला. “नुसती जनुकं काय मोजतोस? हा पाण्यात राहतो, कल्ल्यांनी श्वास घेतो. शेजारच्या प्रजातीचा एक तरी सुरवंट घेतो का?”

यंत्राने जुन्या नोंदी चाळल्या. “नाही. प्रजाती स्वतंत्र. पुढली फेरतपासणी उद्या सकाळी सहाला.”

भिकू हसत फाटकाला कुलूप घालायला पळाला. बाईंना मात्र हसू येईना.

“भिकू,” त्या मागून ओरडल्या, “येताना बादली आण. उद्याही सुरवंट लागणार!”