नवमीची नळी

“नवमीक हत्याराक हात लावचो नाय रे झिला. हत्यार रुसता.” मालवणात आई म्हणायची. तो आवाज सकाळपासून सहदेवच्या कानात घुमत होता. अंधेरीच्या जुन्या लष्करी बराकीतल्या या प्रयोगशाळेत तो काचेच्या नळ्या फुंकायचा.

प्रयोग चालवणाऱ्या मेबलबाई मीटरच्या काट्याकडे बघत होत्या. नळीत विजेने पेटलेला वायू, जांभळा प्लाझ्मा, धुक्यासारखा उजळला होता. त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत चालला होता. बाईंनीच एकदा समजावलं होतं, झोत त्या धुक्याला झोके देतो आणि आत सोडलेली रडारच्या जातीची मायक्रोवेव्ह लाट चढत जाते. वाट जितकी लांब, तितका चढ जास्त. जात्यावर दोघी बसल्या की ओवी चढते तशी, असं सहदेवने मनाशी धरलं होतं.

पण वर्षभर लाट काही चढली नव्हती. जेवढी आत, तेवढीच बाहेर. आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती चौपट होऊन आली.

बाईंनी तारा तपासल्या, मीटर बदलला, वायूचा दाब पुन्हा मोजला. चौपटच. लेथवाला धाकू म्हणाला, “बाई, खंडेनवमीची पूजा पावली लाटेला.” बाई हसल्या नाहीत.

“नळी तीच, वायू तोच, झोत तोच. मग फरक येईल कुठून? माझंच माप चुकतंय कुठेतरी.”

 प्रयोगशाळेच्या साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती. भरवशाचं काही निघालं नाही तर सगळी जोडणी सोडवून ठेवायची. अखेर बाईंनी वही ओढली, चौपटच्या आकड्यावर रेघ मारली आणि खाली लिहायला घेतलं : प्रयोग बंद.

 मागे एकाच्या हातून अशीच नळी फुटली, तेव्हा साहेबांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. नळीखालच्या फळीवर पूजेतल्या झेंडूची एक पाकळी राहिली होती. सहदेवने ती उचलली, बोटांत चुरली.

“बाई, लिहू नका.”

त्यांनी मान वर केली.

“ही ती नळी नव्हे. पूजेला मांडताना ती माझ्या हातून फुटली. नवमीलाच बर्नर पेटवला मी, नवी फुंकली.” त्याने दोन बोटं काचेच्या टोकाशी आडवी धरली. “घाईत जुनीपेक्षा एवढी लांब झाली.”