मनगटाचा वेढा

"आवळू नकोस, वैजू. झोपलेल्या बाळाचं बोट धरतो ना, तसा दोर धर. भार पायांवर टाक," खालून आबा सांगत होते. "आणि दोर मनगटाला कधी गुंडाळायचा नाही. हात लगेच सुटला पाहिजे."

वैजूने मूठ सैल केली. पावलांत दोर दाबत ती वर सरकली, तसा रायवळ आंब्याचा हिरवा काळोख तिच्याभोवती मिटत गेला. वाऱ्याने झाड संथ हलायचं. आपण चढत नाही, तरंगतोय, असं तिला वाटलं. कमरेला बांधलेला दुसरा दोर फांदीवरून खाली आबांकडे गेलाय, हेही ती विसरली.

उतरल्यावर ती हसली. "आबा, हात जरासुद्धा दुखले नाहीत!"

आबा आपल्या काळ्यानिळ्या मनगटावरून त्या दुसऱ्या दोराचे वेढे सोडवत होते.