भोपळ्याचं निदान

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने दारातूनच विचारलं.

लिफ्ट बंद होती. लिफ्ट तपासण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला अवजारांची बॅग खांद्यावर घेऊन चार मजले चढावे लागले होते. तिसऱ्या मजल्यावर तो पायरीवर बसला, लिफ्ट बसवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पित्ताची एक गोळी चघळून पुढे निघाला.

"ठणठणीत आहेत म्हणाले," ताई म्हणाली. "रक्तदाब चांगला, साखर चांगली."

"मग मला कशाला बोलावलंस? चालू काम टाकून आलोय मी. इतक्या लांबून गाडी हाणत."

"बूट काढ आणि आत ये. तूच बघ."

आतल्या खोलीत अप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. पलंगाखाली त्यांच्या चपला आणि त्यातल्या एकीवर हनुवटी टेकून भोपळ्या. म्हातारा, पिवळट, नावाला शोभेल असा गोल कुत्रा.

"कालपासून हलत नाहीये," ताई कुजबुजली. "वाडग्यातलं खाणंही तसंच आहे. आईच्या वेळेचं आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? आईलाही डॉक्टरांनी ठणठणीतच ठरवलं होतं. भोपळ्या मात्र तिच्या चपलांवर हनुवटी टेकून पडून राहिला. हाकेला उठेना, पुढ्यात काहीही ठेवलं तरी तोंड लावेना. आई वैतागून चपला ओढून घ्यायची, तो पुन्हा येऊन पडायचा. आठवडा संपायच्या आत आई गेली. तेव्हापासून नातेवाइकांत भोपळ्याचा असा दरारा, की तो दाराकडे गेला तरी पाहुणे आपापली पादत्राणं हातात घेऊन बसायचे.

"ताई, डॉक्टर म्हणतात बरे आहेत, कुत्रा म्हणतो नाहीत. आणि आपण कुत्र्याचं ऐकायचं?"

"आईच्या वेळेला डॉक्टरांचं ऐकलं होतं."

ताई शाळेत शिकवायची. तिच्याशी वाद घातला की आपण आपोआप मागच्या बाकावर जाऊन बसतो, हा त्याचा लहानपणापासूनचा अनुभव होता. तो आणखीच वैतागला.

भोपळ्याने मान वर केली, जड अंगाने उठला आणि त्याचे मोजे हुंगू लागला. एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"ए, हो बाजूला!" त्याने पायानेच त्याला सरकवलं. अप्पांनी चुटकी वाजवली तसा भोपळ्या परत चपलेपाशी गेला.

"अप्पा, कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीये?" अप्पा म्हणाले आणि आठवल्यासारखे जरा खोकले. "पण मुक्या जनावराला कळतं बाबा. आलायसच तर राहा चार दिवस."

"अप्पा, मला आजच..."

"हो, हो. तुझ्या लिफ्ट वाट बघत असतील."

त्याने बॅग खाली ठेवली. इतका वेळ उजव्या खांद्यावर होती, तरी भरून आला होता डावा. "ताई, पंखा वाढव गं."

"त्याहून वाढत नाही तो."

तो कपाळ पुसत भोपळ्याकडे बघत राहिला. यंत्र बिघडलंय असं कुणी सांगितलं की त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी खालून बघायचं, ही त्याची कामातली सवय. तो गुडघ्यांवर बसला, भोपळ्याची हनुवटी उचलली आणि चप्पल उलटी केली.

फरशीवर बिस्किटांचा चुरा पडला. भोपळ्याने तो क्षणात चाटून साफ केला आणि आशेने दुसऱ्या चपलेकडे पाहिलं.

त्याने अप्पांच्या पाठीमागची उशी ओढली. अभ्र्यातून बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला.

"अप्पा!" ताई किंचाळली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागलाय माझ्या!"

"मग काय करू?" अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. "हा दर वेळी म्हणतो, पुढच्या महिन्यात येतो. पुढचा महिना या घरात येतच नाही. म्हटलं, बापाच्या सांगण्यावरून येत नाही, कुत्र्याच्या तरी येईल."

"सहाव्या इंद्रियाचं सोंग! या वयात!" त्याचा आवाज चढला. "वाटेत गाडी बाजूला घेऊन रडलोय मी, माहितीये? आणि तुम्ही इथे बिस्किटं चुरत बसलाय!"

"रडलास?" अप्पांचा चेहरा उजळला.

"नाही."

"दोन घास खाऊन तरी जा," ताई म्हणाली.

"नको. सकाळपासून छातीत जळजळतंय नुसतं. आता निघालो तर अंधार पडायच्या आत पोचेन. पुढच्या महिन्यात..." तो थांबला. "बघतो."

बॅग उचलून तो बाहेरच्या खोलीत आला. बुटांसाठी वाकला आणि तसाच सरळ झाला.

"अप्पा, याला बोलवा आत! माझ्या बुटांतही कोंबून ठेवलीत वाटतं?"

भोपळ्या त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडला होता.

"मी पलंगावरून उतरलोय का?" अप्पा हसत हसत पुडा घेऊन बाहेर आले. "चल रे भोपळ्या, ऊठ. नाटक संपलं."

भोपळ्या उठला नाही. अप्पांनी त्याच्या नाकापुढे एक बिस्कीट धरलं. मग दुसरं. मग त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी अख्खा पुडाच त्याच्यापुढे रिकामा केला.

भोपळ्याने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.