चौथा संपर्क

तीन झाले होते. चौथा काही मिळेना.

वायरमनने रेडिओची बॅटरी स्वेटरच्या आत, काखेत धरली होती. शिखरावर गुडघाभर बर्फ, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. शिखरावर चढून रेडिओवर बोलायच्या या छंदाचा नियम सरळ होता: शिखरावरून चार वेगवेगळ्या माणसांशी बोलणं झालं तरच चढाई धरायची. तीन म्हणजे शून्य. गेल्या हिवाळ्यात तो असाच हात हलवत परतला होता, तेव्हा सासरे सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आमच्या धाकट्या जावयांचं मात्र असं कधी होत नाही."

तेवढ्यात रेडिओ बोलला. धाकटे जावईच ते. त्याचा साडू, समोरच्या शिखरावरून.

"कोणी ऐकतंय का? उत्तर द्या."

आवाज कसा खणखणीत. असणारच. रेडिओ नवा, बूट नवे, नशीबही कोरं करकरीत. वायरमनच्या पोटात दुखलं. म्हणजे यालाही एक कमी पडतोय तर. बटण दाबलं की दोघांचंही काम होणार होतं. पण याचं भलं आपल्या हातून? नावच नको. आपल्याला दुसरं कुणीतरी मिळेल, हा बसू दे बोंबलत. एकदा तरी तोंड पाडून सासऱ्यांसमोर उभा राहू दे.

साडू हाका मारत राहिला. पाच मिनिटं, दहा, वीस. दुसरं कुणीच आलं नाही. बोटं बधिर झाली तरी वायरमनला मजा येत होती.

मग साडू म्हणाला, "दादा, मघाशी तुमचे तीन झालेले ऐकले मी. माझे सकाळीच नऊ झालेत. तुमचा एक राहिलाय म्हणून थांबलोय इथं. बोला की."

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बटण दाबलं. रेडिओचा दिवा विझला. सोडलं, तसा पुन्हा लागला. बॅटरीत ऐकण्यापुरता जीव उरला होता, बोलण्यापुरता नाही. त्याने ती चोळली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा पुन्हा बटण दाबलं. दिवा विझतच राहिला.

"दादा, पडलाबिडलात की काय?" साडूला आता धाप लागली होती. "वळसा घालून आलो तर अंधार होईल. सरळ दरीत उतरतोय. बर्फ कमरेएवढा आहे, पण येतो मी. तुम्ही जागचे हलू नका."