हाताने टाकलेले नंबर

आलापल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात साधना सागकटाईचा अहवाल दुरुस्त करत होती. ठेकेदाराचा मुनीम प्रफुल यानं टाइपरायटरच्या सवयीनं मथळ्यांना हातानं नंबर टाकले होते. कॉम्प्युटरनं आपलेही टाकले. ३.१ पुढं पुन्हा ३.१, ३.१.१ पुढं पुन्हा ३.१.१, ३.२ पुढं पुन्हा ३.२.

तिनं एक जादा नंबर खोडला. मागच्या अंगणात कुऱ्हाडीचा घाव पडला, खिडकी हादरली.

दुसरा खोडला. पुन्हा घाव.

"बाबा, लाकडं कोन फोडून राह्यलं जी?"

तिचे वडील बापूजी पाहायला गेले, अंगणातूनच ओरडले, "इथी कोनीच नाई वं पोरी! ओंडका मात्र आताच फोडल्यावानी हाये."

साधनानं हात मागं घेतला. बापूजी अजून अंगणातच होते.

"एकच तं राह्यला," म्हणत तिच्या खुर्चीमागं उभ्या उतावळ्या प्रफुलनं वाकून स्वतःच बटण दाबलं.

घाव पडला. या वेळी लाकडाचा आवाज आला नाही.