गेर्गिनाच्या नावाने

जावई, प्लामेन, संगणकासमोर बसला तशी गेर्गिना उठली, पुन्हा बसली, आणि भाजलेल्या लाल मिरच्या सोलायला घेतल्या. साल निघता निघेना.

"आई, जरा स्वस्थ बसा ना. थोडंसंच काम आहे."

"मी कुठे उभी आहे?" असं म्हणून ती उठली आणि खिडकी उघडून आली.

नातवाचे फोटो प्लामेनने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले होते. त्याने करून दिलेलं प्रमाणपत्र, म्हणजे ओळख पटवणारी छोटी फाइल, ज्याच्या संगणकात असेल त्यालाच तिथलं दार उघडे; इतरांना कोरं पान. गेर्गिनाच्या प्रमाणपत्राची मुदत आज संपत होती, म्हणून तो रूसेहून तिच्या गावी, विदिनला, नवं घेऊन आला होता. तिच्या लेकीचं, इस्क्राचं, त्याने केव्हाच रद्द केलं होतं. नवऱ्याला आणि मुलाला सोडून ती परदेशी, वालेन्सियाला, निघून गेली, त्याच आठवड्यात.

"एक विचारू? बोयानचे फोटो तुम्ही इथूनच बघता ना?"

"मग काय चंद्रावर जाऊन बघू?"

"तुमच्याच नावाने कोणीतरी वालेन्सियातूनही बघतं. रोज. सर्व्हरवर सगळी नोंद राहते, आई."

मिरची तिच्या हातातून निसटली. ते प्रमाणपत्र पेनड्राइव्हवर घालून लेकीच्या हातात तिनेच दिलं होतं.

"तुझी बायको नसेल राहिली ती," ती म्हणाली. "पण पोराची आई आहे."

"पोराला टाकून जाताना आठवलं नाही ते?"

"नाही आठवलं. आता रोज आठवतं. स्वतःच्या नावाने यायला तोंड नाही, म्हणून माझ्या नावाने येते."

प्लामेन पडद्याकडे वळला. नवं प्रमाणपत्र चढवताना संगणक विचारत होता, ते त्याने मोठ्याने वाचलं, "याची प्रत काढू द्यावी का?" मग म्हणाला, "इथे खूण केली नाही, तर हे या घराबाहेर जाणार नाही."

नको करूस खूण, असं म्हणून टाकावं, म्हणजे निदान जावई तरी आपला राहील, असं क्षणभर गेर्गिनाला वाटलं. तिने निसटलेली मिरची उचलून पुन्हा सोलायला घेतली. मग माउसची टिकटिक झाली. चष्मा जवळ नव्हता. त्याने काय केलं ते तिला दिसलं नाही, आणि विचारायचा धीर होईना.

तो उठला, कोट चढवला, दारापर्यंत गेला.

"शनिवारी बोयानचा शाळेत नाच आहे," पायात बूट घालता घालता तो म्हणाला. "चित्रफीत दहाला टाकीन. वालेन्सियात तेव्हा नऊ वाजलेले असतील."