समोरची भट्टी

"पावाची भट्टी? ताई, आपण बिस्किटवाले!" मॅनेजर चाचरत म्हणाला. "आणि तीही तुमच्या भावाच्या बेकरीसमोर? संचालक कारण विचारतील."

"सांगा, गिऱ्हाइकांची मागणी आहे."

मागणी कुणाचीच नव्हती. ताईंना भावाची बेकरी बुडवायची होती, बस.

वडिलांच्या मागे ती बेकरी ताईंनीच तगवली होती. पहाटे उठून पीठ मळलं, हातांवर चटके घेतले. धाकटा कळता झाला तसं आईनं सगळं त्याच्या नावावर केलं. "तू काय, आज ना उद्या परक्या घरी जाणार," एवढंच बोलली. ताई नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या. बिस्किटांची कंपनी उभी केली, नाव कमावलं, पण काटा सलतच राहिला.

संचालकांनी माना डोलावल्या. समोर चकाचक दुकान उभं राहिलं. ताईंनी भावाकडून पाव घेणारी शाळा फोडली, इस्पितळ फोडलं, शेवटी त्याचा जुना कारागीरही ओढला. संध्याकाळी वरच्या खिडकीतून त्या त्याच्या फळीवर पडून राहिलेले पाव बघायच्या. ज्या दिवशी जास्त दिसत, त्या दिवशी दोन घास जास्त जात.

हिवाळ्याच्या तोंडावर भावाच्या धुराड्यातला धूर थांबला. त्याच दुपारी तो रस्ता ओलांडून आला. ताई उठल्या नाहीत. वाक्य कधीचं घोटून ठेवलं होतं: 'आता कळलं, घराबाहेर काढलं की कसं वाटतं ते?'

त्यानं येऊन त्यांना मिठीच मारली.

"सुटलो गं ताई! मला भट्टी कधी नकोच होती. बंद करतो म्हटलं की आई जेवण सोडायची. आता काय बोलणार? तूच बुडवलीस! परवा बोटीवर नोकरीला लागतोय."

ताईंनी त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"आणि आई?"

दुकानासमोर गाडी थांबली होती. ड्रायव्हर ट्रंक उतरवत होता. काठी टेकत म्हातारी आत आली. लेकीकडे तिनं पाहिलंही नाही. फळीवरचा एक पाव उचलला, उलटा केला, बुडावर बोटानं टकटक केलं आणि नाक मुरडलं.

"भट्टी जिकडे, मी तिकडे," ती म्हणाली. "किल्ल्या कुणाकडे असतात?"